चार ठोक्यांची शांतता

सोमवार, ता. ९

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही तिकडे मजेत असाल. आईचा गुडघा होता तसाच आहे, म्हणजे काम सांगितलं की दुखतो आणि शेजारणीकडे जायचं म्हटलं की राहतो. भावोजींना नवीन ऑफिस मानवलं का? चिंगीच्या शाळेतल्या बाईंना एव्हाना तिच्या बडबडीची सवय झाली असेल. नसेल तर त्यांनी बदली मागितली असेल.

पत्र बघून तू चक्रावली असशील. ह्या ढम्याला हातात पेन धरायची बुद्धी कुठून झाली, असं म्हणून आधी पाकीट उलटंसुलटं करून बघशील. शाळेतले माझे निबंधसुद्धा तूच लिहून द्यायचीस. पण फोनवर मला हे जमणार नाही. माझ्या नुसत्या ‘हॅलो’वरून तुला कळतं की मी जेवलोय की नाही. म्हणून तर गेले चार महिने तुझा फोन आला की दोन मिनिटांत मी ‘लिफ्ट अडकलीय, माणसं आत आहेत’ म्हणून ठेवून देतो. या गावात जेवढ्या लिफ्ट नाहीत तेवढ्या माझ्या अडकवून झाल्यात. आणि तू प्रत्येक वेळी म्हणतेस, ‘जा जा, आधी त्यांना काढ, बिचारे घाबरले असतील.’

पार्सलमध्ये आपला अल्बम आहे. आपला म्हणायची सवय जात नाही. शुक्रवारी तो सगळीकडे निघेल, तुला आधी मिळावा म्हणून आजच पाठवणार आहे. कव्हर छान झालंय. टायरच्या दुकानावरच्या आपल्या खोलीकडे जाणारा तो लोखंडी जिना आहे ना, त्याचा फोटो आहे. लांब्या गिटार घेऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसलाय, त्याचे पाय तिसऱ्या पायरीपर्यंत आलेत. मास्तरचा चेहरा नेमका घडीवर आलाय. तो म्हणतो, इतकी वर्षं बेस वाजवतोय पण माझ्याकडे कुणी बघत नाही, आता फोटोतही तीच गत. नवी गाणारी खालच्या पायरीवर आहे. मुलगी चांगली आहे, मन लावून गाते. तिच्यावर राग धरू नकोस. तिला काहीच माहीत नाही.

आतल्या पानावर शेवटी आभार आहेत. तिथे तुझं नाव आहे. टायरवाल्या शेठच्या खाली आणि व्हॅन दुरुस्त करून देणाऱ्या गॅरेजच्या वर. अकरा वर्षं तू या बँडमध्ये गायलीस, त्याआधी हा बँडही तूच जमवलास, आणि गॅरेजच्या वर तुझं नाव आलं. मी ते पान छापायच्या आधी पाहिलं होतं. तेव्हा काही बोललो नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो.

तुझ्या दोन जाड रजया अजून स्टुडिओतच टांगलेल्या आहेत. तू मागितल्यास तेव्हा मी म्हणालो होतो की त्या धुवायला टाकल्यात. टाकलेल्या नाहीत. त्या कोपऱ्यात जाऊन त्या खाली उतरवायचं माझ्या जिवावर येतं.

तो कोपरा तुला आठवतच असेल. शाळेच्या वर्गाएवढी खोली, खिडकीला लाकडी फळ्या ठोकलेल्या, जमिनीवर पायात अडकणाऱ्या वायरींचा गुंता, आणि काचेपलीकडे आपला तो रेकॉर्डिस्ट, जो दिवसभरात एकदाच हसायचा, तेही फ्यूज उडाल्यावर. गाणाऱ्यासाठी वेगळी, चांगली बंद खोली होती तिथे. तुला तिथे उभं करायचं ठरलं होतं. मीच हट्ट धरला, मला ताई समोर लागते, ती श्वास घेताना दिसली नाही तर माझा पाय ड्रमच्या पेडलवर पडत नाही. रेकॉर्डिस्टनं डोक्याला हात लावला होता. ‘अहो, ड्रमच्या माइकमध्ये त्यांचा आवाज शिरेल. मग तो मला मेलो तरी काढता येणार नाही.’ तू दुसऱ्या दिवशी घरून रजया घेऊन आलीस, माझ्या आणि तुझ्या मध्ये दोरीवर टांगल्यास, आणि मला दिसावीस म्हणून दोन्हींच्या मध्ये वीतभर फट ठेवलीस. त्या फटीतून मला तुझा अर्धा चेहरा दिसायचा.

लिफ्टच्या कंपनीतून फोन येतोय. या वेळी खरंच. बाकीचं उद्या लिहितो.


मंगळवार, ता. १०

ताई, काल लिफ्टमध्ये कोणी अडकलं नव्हतं. फोन आला होता हे खरं, पण तो साहेबांचा, रजेबद्दल होता. बघ, कबुली द्यायला बसलोय आणि सुरुवातच एका थापेनं केली. आता सरळ लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा आईच्या गुडघ्यावर येईन.

तुझ्या गाण्याची डिस्क खराब झाली नव्हती.

मी तुला सांगितलं होतं की ड्रम एका डिस्कवर होते आणि गाणं दुसरीवर, आणि दुसरी उडाली. सगळं खोटं. तुझी दहाही गाणी शाबूत आहेत. तू आठ दिवसांत गाव सोडून जाणार होतीस, पुन्हा रेकॉर्डिंगला वेळ नव्हता, म्हणून तुला ते पटलं.  मला वाटलं, रडशील. पण फोनवर तू विचारलंस, ‘तुझं वाजवणं तरी वाचलं ना?’ मी हो म्हणालो. तू म्हणालीस, ‘मग ठीक आहे रे. दुसरी कोणीतरी गाईल, थांबू नका.’

तो फोन मी लिफ्टच्या मशीन-रूममध्ये उभा राहून केला होता. 

आता हे का झालं ते. सगळं रेकॉर्डिंग संपल्यावर अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या बाई ऐकायला आल्या होत्या, त्या दिवशी तू सामान बांधायला घरी होतीस. त्यांनी चार गाणी ऐकली आणि म्हणाल्या, ‘सुरुवात छान होते, पण दुसऱ्या कडव्यापासून गाणं बसतं. गाणारी त्याला मागे ओढते. ही उशिरा येते.’ तसा ऐकणाऱ्याला आवाजच आधी ऐकू येतो, दोष द्यायला तोच पुढे असतो. बाई वाईट नाहीत. त्यांना जे वाटलं ते त्या बोलल्या. ‘दोन दिवसांत काय ते ठरवा,’ म्हणून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लांब्या आणि मास्तर जेवायला बाहेर गेले होते. रेकॉर्डिस्टनं मला काचेपलीकडे बोलावलं. तुला आठवतं ना, हेडफोनमधल्या त्या ताल दाखवणाऱ्या टकटकीबरोबर मला वाजवता येईना, म्हणून पहिल्याच दिवशी मी ती बंद करायला लावली होती. त्यानं ती आपल्यापुरती स्क्रीनवर चालू ठेवली होती. सारख्या अंतरावर उभ्या रेघा. त्याखाली माझे ठोके, त्याखाली तुझा आवाज. त्यानं बोट ठेवून दाखवलं. पहिल्या कडव्यात सगळं रेघेवर. दुसऱ्यात माझा ठोका रेघेच्या मागे सरकलाय. मग आणखी मागे. आणि तुझा आवाज माझ्यानंतर, माझ्याच बेतानं मागे.

‘त्या उशिरा येत नाहीत,’ तो म्हणाला. ‘तुम्ही उशिरा येता. त्या तुमच्यासाठी थांबतात. सगळ्या गाण्यांत हेच आहे.’

माझा डावा हात, ताई. तीन वर्षांपूर्वी लिफ्टच्या दारात मनगट सापडलं होतं ना, ते पूर्ण बरं झालंच नाही. दोन-तीन मिनिटं वाजवलं की जड होतं. मी सगळ्यांना ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं, कारण गाणं कधी मोडायचंच नाही. मी म्हणायचो, बघा, हात गेला होता तरी ताल पक्का आहे.

रेकॉर्डिस्ट म्हणाला, तो कॉम्प्युटरवर माझे ठोके कापून सरळ करू शकतो, गिटार आणि बेस त्यावर परत वाजवून घेता येतील आणि तुला एका दिवसात परत गाता येईल. ‘पण बाईंना खरं सांगावं लागेल,’ तो म्हणाला. ‘त्यांच्याकडे एक ड्रमर आहे, तो दोन दिवसांत सगळं वाजवून देतो. त्या त्यालाच आणतील. तुम्ही सांगता का मी सांगू?’

मी म्हणालो, मी सांगतो.

संध्याकाळी आपल्या खोलीत आम्ही तिघं बसलो. लांब्या भडकला होता. ‘अकरा वर्षांत ताई एकदाही उशिरा आलेली नाही. काहीतरी गडबड आहे,’ तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. मास्तर वह्या तपासत होता, त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. लांब्याही बघायला लागला. साहजिक आहे. ताल कोणाचा सरकला हे ड्रमवाल्यालाच विचारणार. त्यातून मी तुझा सख्खा भाऊ. मी तुझ्याविरुद्ध उगाच कशाला बोलेन?

मी म्हणालो, ‘हल्ली ती मागे राहते. बदली, घर, मुलगी, सगळ्यात तिचं लक्ष नाही. मी सांभाळून घेत होतो इतके दिवस.’

हेच वाक्य होतं. एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीये. ‘मी सांभाळून घेत होतो’ हे तर कोणी विचारलंही नव्हतं, ते मी पदरचं घातलं.

मला भीती वाटली, ताई. दुसरं काही कारण नाही. चाळिशी जवळ आलीय, दिवसभर काळोख्या विहिरीसारख्या जागेत तारांना ग्रीस लावायचं, आणि आयुष्यात एकदा कुठेतरी आपलं नाव छापून येणार होतं. तेच दुसऱ्याच्या हातात जाईल असं वाटलं. तुला तर असंही जायचंच आहे, मी मनाला समजावलं. तुझं काय जाणार? असंच म्हणालो होतो मी स्वतःला. तुझं काय जाणार!

बाईंनाही मी तेच कळवलं. डिस्क उडाल्याची थाप माझी. लांब्या-मास्तरला मी म्हणालो, खरं कारण सांगून तिला दुखवू नका, मी बघतो. त्यांना वाटलं, भाऊ किती जपतो. रेकॉर्डिस्टला म्हणालो, ताईला सवड नाही, तिनंच नको म्हणून सांगितलंय. त्या माणसानं फक्त स्क्रीनकडे तोंड फिरवलं. मग नवी मुलगी आली. नऊ गाण्यांत माझे ठोके तुकडे करून रेघेवर आणून बसवले. अल्बममध्ये माझा हात कधीच थकत नाही.

आता तुला वाटेल, चार महिने गप्प बसलास तर आताच कंठ कुठून फुटला. सांगतो. त्याचं श्रेयही मला नाही.

तो रेकॉर्डिस्ट म्हणाला होता ना, मेलो तरी काढता येणार नाही, तसंच झालं. ड्रमच्या प्रत्येक माइकमध्ये तू आहेस. नव्या मुलीच्या आवाजाखाली, लांबून, तुटक तुटक, कारण माझ्या ठोक्यांबरोबर तुझेही तुकडे झालेत. कंपनीच्या बाईंना ते फार आवडलं. ‘शेजारच्या घरात कोणी गुणगुणतंय असं वाटतं. काय कल्पना आहे!’ म्हणाल्या. मी मान डोलावली.

शेवटचं संथ गाणं तेवढं कापलेलं नाही. संथ गाण्यात माझी ढिलाई शोभते म्हणे. त्यात शेवटच्या धृपदाआधी सगळे थांबतात ती जागा आहे ना, फक्त सिंबलची थाळी घुमत राहते, चार ठोके शांतता, मग मी एकट्यानं उचलायचं. तीन आठवड्यांपूर्वी ते गाणं पक्कं करताना रेकॉर्डिस्टनं बाकी सगळं बंद करून फक्त सिंबलवरचा माइक मोठा केला. त्या शांततेत तू बोललीस.

तू गात नव्हतीस. तुझा माइक सोडून, माझ्याकडे तोंड करून बोललीस. ‘सावकाश. मी आहे.’

वाजवताना मला ते ऐकू आलं नव्हतं, कानांवर हेडफोन होते. फटीतून तुझे ओठ हललेले दिसले होते. मला वाटलं, श्वास घेतेयस.

म्हणजे तुला माहीत होतं. माझा हात शेवटाला येऊन संपतो हे तुला माहीत होतं, आणि तू ते ना मला कधी सांगितलंस ना दुसऱ्या कुणाला. तीन वर्षं प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर लांबवून तू मला वेळ काढून देत होतीस. आम्ही तुला चिडवायचो, ताईला ओळ सोडवतच नाही, चिंगम चघळते म्हणून. मीच सगळ्यात जास्त चिडवायचो.

रेकॉर्डिस्ट म्हणाला, ‘हे काढता येईल. सिंबल थोडा आधी तोडतो.’ मी म्हणालो, राहू दे. का म्हणालो ते नीट सांगता येत नाही. तू ऐकशील आणि क्षणात ओळखशील, की डिस्क उडाली असती तर हा आवाज इथे आला कुठून. कुठेतरी मला पकडलं जायचं होतं. पण पकडलं जाण्यात आणि स्वतः सांगण्यात फरक आहे हे माझ्यासारख्या मठ्ठालाही कळतं. त्यातून गेल्या रविवारी तुझा फोन आला, ‘शनिवारच्या कार्यक्रमाला मी आणि चिंगी येतोय, पुढच्या रांगेत जागा धर, मामाला बघायचंय म्हणून नाचतेय ती.’ तेव्हा मात्र मी ठरवलं, आता सांगायचं. तू पुढच्या रांगेत बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवशील, आणि मी ते बघायचं?

परवा, म्हणजे या रविवारी, लांब्याला आणि मास्तरला सगळं सांगितलं. लांब्या गिटारला नवी तार चढवत होता. त्यानं ती तशीच सोडून दिली. ‘ताईला सांगितलंस?’ ‘नाही.’ ‘मग मला काय सांगतोस? आधी तिला सांग, मग माझ्याशी बोल.’ मास्तर खिडकीशी गेला आणि बराच वेळ खाली टायर बदलताना बघत राहिला. मी म्हणालो, मी बँड सोडतो. त्यावर मात्र लांब्या ओरडला, ‘आता पळूनही जायचंय तुला? शनिवारी वाजव गुपचूप.’ काल सकाळी बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, छापून झालंय, आता काही होणार नाही. पण तुझा आवाज मूळ गाण्यात पुन्हा ऐकायचाय, असं त्या दोनदा म्हणाल्या. हे तुला खूश करायला लिहीत नाहीये, त्या म्हणाल्या म्हणून लिहिलं.

पार्सलमध्ये अल्बमखाली जाड कागदात गुंडाळलेली एक डिस्क आहे. तीच ती, उडालेली. तुझी दहाही गाणी तिच्यात आहेत, माझे न कापलेले ठोके आहेत तसे. ती तुझी आहे. बाईंना पाठव, घरी ठेव, फोडून टाक. ऐकलीस तर दहाही वेळा मी मागे पडताना ऐकू येईन आणि दहाही वेळा तू थांबलेली ऐकू येशील. भावोजींनाही ऐकव. तुझं लक्ष नव्हतं असं मी म्हणालो होतो, ते उद्या त्यांच्या कानावर गेलं, तर खरं काय ते त्यांना आधीच कळलेलं असू दे.

रजया आज सकाळी जाऊन उतरवल्या. धुतल्या नाहीत, तशाच पाठवतोय.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण ते लिहिलं की तू लगेच करून टाकशील, मला ठाऊक आहे. लहानपणापासून तेच करत आलीस. म्हणून मागत नाही. तू रागाव. एकदा तरी माझ्यासाठी न थांबता रागाव.

पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या धरून ठेवल्यात. त्या रिकाम्या राहिल्या तर मला समजेल. शेवटी ते संथ गाणं आहे. सगळे थांबतील, सिंबल घुमेल, आणि चार ठोके शांतता असेल. त्यात आता कोणी काही बोलणार नाही. ते चार ठोके मी आजवर एकट्यानं कधीच मोजलेले नाहीत, ताई. हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं. शनिवारी मोजून बघतो.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला तू सांगितलंस तर चालेल.

तुझ्या मागे राहिलेला,
ढम्या